वऱ्हाडांतील वकिली : जनसंपर्काच्या धंद्याचा पूर्वेतिहास

एकाचा पक्ष दुसऱ्याच्या मनांत उतरविणें हा ज्याचा नित्याचा व्यवसाय, त्यास हल्लीं जनसंपर्काधिकारी असें म्हणतात. सरकारी खातीं, कारखाने, पेढ्या, विद्यापीठें, इस्पितळें, राजकीय पक्ष, या सर्वांस असा मनुष्य लागतो; आणि अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ तरुण या धंद्यांत शिरूं पाहतात. हा धंदा अमेरिकेंत उपजला व तेथून इकडे आला, अशी समजूत रूढ आहे. आयव्ही ली यानें १९०६ सालीं आपल्या कामाचीं तत्त्वें वृत्तपत्रकारांस जाहीर केलीं, एडवर्ड बर्नेझ याचें लोकमताच्या घडणीवरील पुस्तक १९२३ सालीं निघालें, आणि भारतांतील या व्यावसायिकांची संस्था १९५८ सालीं स्थापन झाली, अशी त्याची वंशावळ सांगतात. ही वंशावळ खोटी नाहीं, परंतु ती अपुरी आहे, असें आमचें मत आहे. या धंद्याची मातृशाखा आपल्याकडील वकिलांच्या दप्तरांत सांपडते; आणि ती पाहण्यास वऱ्हाडासारखा दुसरा प्रांत क्वचितच मिळेल. कारण हा प्रांत दीड-दोनशें वर्षें कोणाचा, हाच वादाचा विषय होता; व जेथें वाद तेथें बोलणारा मनुष्य लागतोच.

प्रस्तुत लेखांत दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. बोलणाऱ्याचें बोलणें केव्हां चालतें, हा पहिला. बोलणारा मनुष्य कोणाचा, हा दुसरा.

(१) शब्द व शास्त्र

वकील हा शब्द मूळचा अरबी. दुसऱ्याच्या वतीनें काम पाहणारा मुखत्यार, एवढाच त्याचा अर्थ. न्यायकचेरींत उभा राहणारा तो वकील, हा संकोच इंग्रजी अमदानींतला आहे. पेशवाईंत वकील म्हणजे परदरबारीं राहून धन्याचें काम संभाळणारा गृहस्थ. दिल्लीस हिंगणे व हैदराबादेस गोविंदराव काळे यांनीं हें काम केलें, आणि त्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग छापून निघाला असल्यामुळें या धंद्याचा नित्यक्रम आपणांस बारकाईनें कळतो. दरबारीं कोणाचें वजन आहे हें ओळखणें, बातमी काढणें व ती खरी कीं बाजारगप्प हें पारखून लिहिणें, प्रसंग पाहून नजर व पोशाख पोंचविणें, धन्याची थैली योग्य वेळीं योग्य हातांत देणें, धन्याविषयीं उठलेली कंडी तत्काळ मोडून काढणें, हीं त्याचीं कामें. आजच्या जनसंपर्काधिकाऱ्याच्या दिनचर्येंतून छापखाना व यंत्रें वगळलीं, तर बाकी राहतें तें याहून फारसें निराळें नाहीं.

या धंद्याचें शास्त्र मात्र याहून पुष्कळ जुनें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत दूताचे तीन वर्ग सांगितले आहेत. ज्यास कार्याचा पूर्ण अधिकार दिला तो निसृष्टार्थ. ज्यास नेमून दिलेल्या मर्यादेंत बोलावयाचें तो परिमितार्थ. आणि ज्यानें केवळ लेख पोंचवावयाचा तो शासनहर. अमात्यास लागणारे सर्व गुण पहिल्यास हवेत, दुसऱ्यास त्यांतील चतुर्थांश कमी चालतील, तिसऱ्यास निम्मे पुरेत, असा त्याचा हिशेब. वकिलाची योग्यता व त्याचा अधिकार यांचें माप एकच असलें पाहिजे, हें या विभागणीचें मर्म होय. योग्यता मोठी व अधिकार लहान असला म्हणजे काय होतें, तें वऱ्हाडानें १८०३ सालीं पाहिलें.

(२) अडगांवचे दोन वकील

इंग्रज ज्यास अर्गांव म्हणतात तें अडगांव आज अकोला जिल्ह्यांतील तेल्हारे तालुक्यांत आहे. असईची लढाई १८०३ च्या सप्टेंबरांत झाली. त्यानंतर दौलतराव शिंद्यांच्या वतीनें यशवंतराव घोरपडे व नारोपंत नाना हे वकील जनरल वेलस्लीच्या छावणींत आले. २३ नोव्हेंबर रोजीं शिंद्यांपुरती लढाई तहकूब करण्याचा करार झाला. शिंद्यांच्या फौजेनें एलिचपुराच्या पूर्वेस वीस कोसांवर जाऊन राहावें, हें त्यांतील एक कलम होतें. नागपूरकर भोंसले या करारांत नव्हते.

पुढें सहा दिवसांनीं, २९ नोव्हेंबर रोजीं, अडगांवच्या मैदानावर व्यंकोजी भोंसल्यांची फौज उभी राहिली आणि तिच्याशेजारीं शिंद्यांचे घोडदळही उभें होतें. इंग्रजांच्या छावणींतील वकिलांनीं हल्ला करूं नये म्हणून वेलस्लीस आग्रहानें विनविलें. भोंसल्यांशीं तहकुबी नाहींच; शिंद्यांनीं कराराचीं कलमें पाळलीं नाहींत, तोंपर्यंत त्यांच्याशींही नाहीं; या अर्थाचें उत्तर देऊन त्यानें त्याच दिवशीं लढाई दिली. १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला व किल्लेदार बेनीसिंग कामास आला.

वकिलांच्या बोलण्यांत उणें कांहीं नव्हतें. त्यांनीं करार घडविला होता, प्रसंगीं तोंड उघडलें होतें, आर्जवही केलें होतें. उणें होतें तें त्यांच्या धन्याच्या करणींत. छावणींत वकील एक बोलत आहे व मैदानावर फौज दुसरें करीत आहे, अशा वेळीं ऐकणारा फौजेकडे पाहतो. हें तत्त्व इतकें साधें आहे कीं तें सांगण्यासही संकोच वाटावा. तथापि आजही एखाद्या संस्थेचें वर्तन बिघडलें म्हणजे वर्तन सुधारण्याऐवजीं अधिक चतुर प्रवक्ता नेमण्याची रीत दिसते. त्या प्रवक्त्याची स्थिति घोरपडे व नारोपंत यांच्यासारखीच होते.

वकिलांची योग्यता मात्र पराभवांतही वायां गेली नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. १७ डिसेंबर रोजीं देवगांवास भोंसल्यांचा तह झाला. त्यांच्या बाजूनें यशवंतराव रामचंद्र बोलत होते. त्या तहानें कटक व बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोंसल्यांकडून गेला. परंतु नरनाळा व गाविलगड हे किल्ले व त्यांलगतचा चार लाखांचा मुलूख राहिला. रणांत हरलेल्या पक्षानें तहाच्या बैठकींत एवढें राखणें, ही सामान्य गोष्ट नव्हे. एकमेकांच्या दरबारीं वकील ठेवावेत, असें कलमही त्या तहांत आहे. त्याच अन्वयें माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ पासून नागपुरास राहिला.

(३) सुर्जी-अंजनगांव व विठ्ठलपंत

३० डिसेंबर १८०३ रोजीं शिंद्यांचा तह सुर्जी-अंजनगांवास झाला. हें गांव आज अमरावती जिल्ह्यांत आहे. तहावर शिंद्यांच्या वतीनें विठ्ठल महादेव व मुनशी कवलनयन यांच्याबरोबर घोरपडे व नारोपंत यांचींही नांवें आहेत. यांतील विठ्ठलपंत हे वृद्ध कारभारी. समोरच्याचें बोलणें ऐकतांना त्यांच्या मुद्रेवर हर्ष वा विषाद यांची रेषाही उमटत नसे. म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्यांस ब्रॅग या पत्त्यांच्या खेळावरून ‘ओल्ड ब्रॅग’ असें टोपणनांव दिलें. त्या खेळांत हातांतील पानें मुद्रेवर दिसूं न देणें हेंच कौशल्य असतें. पुढें अनेक वर्षांनीं फ्रान्सचा प्रख्यात मुत्सद्दी तालेरां कसा आहे, असें माल्कमनें विचारलें. तेव्हां पुष्कळसा ओल्ड ब्रॅगसारखाच, पण तितका हुशार नाहीं, अशा आशयाचें उत्तर वेलस्लीनें दिल्याचें माल्कमच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. युरोपच्या दरबारांचा अनुभव घेतलेल्या मनुष्यानें वऱ्हाडांतील एका तंबूंत भेटलेल्या कारभाऱ्यास असें वरचें स्थान द्यावें, यावरून हा धंदा आपल्याकडे कोणत्या कोटीस पोंचला होता हें कळतें.

(४) बेनीराम पंडित : वकील कोणाचा?

आतां दुसरा प्रश्न. नागपूरकर मुधोजी भोंसल्यांचे वकील बेनीराम पंडित हे कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जजवळ होते. त्या काळीं पुणें, हैदराबाद, म्हैसूर व नागपूर यांनीं मिळून इंग्रजांस एकाच वेळीं घेरावें असा बेत ठरला होता व बंगाल्यावर चालून जाण्याचें काम भोंसल्यांकडे होतें. भोंसल्यांची फौज कटकापर्यंत गेली, पण बंगाल्यावर पडली नाहीं. हेस्टिंग्जनें द्रव्य देऊन हें संकट टाळलें. १७८१ सालीं काशीस चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यांत पळावें लागलें, तेव्हां बेनीराम व त्यांचे बंधु बिशंभर पंडित यांनीं त्याची पाठ सोडली नाहीं. हेस्टिंग्जजवळ पैसा नव्हता. त्यांनीं आपला लाख रुपया देऊं केला. या उपकाराची आठवण ठेवून पुढें कंपनीकडून त्यांस जहागीर मिळाली.

या वर्तनाचा अर्थ दोन प्रकारांनीं लावतां येतो. परदरबारच्या मुख्य पुरुषाचा असा विश्वास संपादणें ही वकिलीची सिद्धि होय, असें एक पक्ष म्हणेल. नागपूरकरांस इंग्रजांशीं बिघाड नकोच होता, तेव्हां बेनीराम धन्याचेंच काम करीत होते, असेंही तो दाखवील. परंतु ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याच हातून जहागीर घेतल्यावर वकिलाचें पुढील प्रत्येक पत्र संशयानें वाचावें लागतें, ही दुसऱ्या पक्षाची हरकत आम्हांस अधिक सबळ वाटते. बेनीराम बेइमान होते असें आम्ही म्हणत नाहीं. संशयाचें निवारण करण्याचें साधन त्यांनीं आपल्या हातानें घालविलें, एवढेंच आमचें म्हणणें. जनसंपर्काचा धंदा करूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हीच कथा सांगतों. कारण दोन्हीकडून मोबदला घेण्याचा मोह त्या धंद्यांत पदोपदीं आहे, आणि तेथें शपथेपेक्षां हिशेबाची वही अधिक उपयोगी पडते.

(५) वऱ्हाडप्रकरण : हैदराबाद ते लंडन

२१ मे १८५३ च्या तहानें निजामांनीं कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड व इतर कांहीं मुलूख इंग्रजांकडे लावून दिला. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दोआब परत झाले, निजामांकडील पन्नास लाखांचें कर्ज सोडलें गेलें. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. तो परत मिळविणें हें दिवाण सर सालारजंग यांनीं आयुष्याचें कार्य मानिलें. प्रथम त्यांनीं शिष्टाचाराप्रमाणें रेसिडेंटामार्फत लिहिलें. तेथें दाद लागेना, तेव्हां ते १८७६ सालीं स्वतः विलायतेस गेले. वाटेंत पॅरिस येथें जिन्यावरून पडून त्यांच्या मांडीचें हाड मोडलें. तरीही ते इंग्लंडांत पोंचले. ऑक्सफर्डनें पदवी दिली, लंडन शहरानें सन्मान केला. वऱ्हाड मिळाला नाहीं. १८८३ सालीं ते वारले.

या प्रसंगाचें महत्त्व असें कीं, येथें वकिलीचें स्थान बदललें. दरबारांतून ती दुसऱ्या देशाच्या लोकांपुढें गेली. इंग्लंडांत मंत्र्यांच्या मागें पार्लमेंट, पार्लमेंटच्या मागें मतदार व मतदारांपुढें वर्तमानपत्र, ही सांखळी हिंदुस्थानांतील संस्थानिकांनीं व पुढाऱ्यांनीं या काळांत ओळखली. विल्यम डिग्बी या माजी पत्रकारानें १८८८ सालीं हिंदी प्रकरणें विलायतेंत मांडण्याकरितां लंडनास कचेरीच उघडली. काश्मीरच्या महाराजांची बाजू मांडणारें त्याचें ‘कन्डेम्ड अनहर्ड’ हें पुस्तक १८९० सालचें. ही कचेरी आयव्ही ली याच्या जाहीरनाम्याच्या अठरा वर्षें आधींची आहे, हें वंशावळ लिहिणारांनीं ध्यानांत घ्यावें.

सालारजंगांच्या सर्व उद्योगांत एक उणीव मात्र ठळक दिसते. वऱ्हाड कोणाचा, हा वाद निजाम व इंग्रज यांजमध्यें झाला. वऱ्हाडांतील कुणब्यास, देशमुखास वा शेट्यास तुझें म्हणणें काय, असें दोघांपैकीं कोणीही विचारलें नाहीं. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन हैदराबादेस जाऊन निजामांशीं समक्ष बोलला, आणि ५ नोव्हेंबरच्या करारानें वार्षिक पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला. पुढील वर्षीं तो मध्यप्रांतास जोडण्यांत आला. तेव्हांही स्थिति हीच होती.

(६) प्रजेचे वकील

वऱ्हाडास स्वतःचें तोंड फुटलें तें अमरावतीच्या दोन वकिलांमुळें. आणि येथें वकील या शब्दाचे जुना व नवा हे दोन्ही अर्थ एकत्र आले. रघुनाथ नरसिंह मुधोळकर व गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे हे दोघेही न्यायकचेरींतील वकील; परंतु त्यांनीं प्रजेची वकिली पत्करली. १८९० सालीं राष्ट्रसभेनें विलायतेस जें शिष्टमंडळ पाठविलें, त्यांत सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्याबरोबर मुधोळकर होते. त्याच वर्षीं राष्ट्रसभेच्या लंडनमधील समितीचें ‘इंडिया’ हें पत्र सुरू झालें व डिग्बी त्याचा संपादक झाला. १८९७ सालीं राष्ट्रसभाच अमरावतीस आली. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब. १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद मुधोळकरांकडे आलें.

दादासाहेबांची रीत निराळी. लोकमान्यांस १९०८ सालीं शिक्षा झाल्यावर ते विलायतेस गेले व १९१० पर्यंत राहून त्यांनीं तें प्रकरण तेथील वकील, सभासद व पत्रकार यांच्यापुढें नेलें. १९१९ सालीं ते पुन्हां गेले व पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढें त्यांनीं साक्ष दिली. त्यांची रोजनिशी आज राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. कोणास भेटलों, काय बोललों, याची नित्य नोंद ठेवण्याची ही संवय जुन्या वकिलांच्या रोजच्या पत्रांचीच वंशज होय.

विलायतेंतील लोकमतावर भिस्त ठेवण्याचा हा मार्ग सर्वांस कायम मान्य राहिला असें नाहीं. १९२० च्या नागपूर अधिवेशनानें लंडनची समिति बंद केली व ‘इंडिया’ पत्रही थांबलें. परक्यास पटविण्यापेक्षां घरच्यास जागें करावें, हा त्या ठरावाचा आशय. ऐकणारा कोण, हें ठरविणें हाही वकिलीचाच भाग आहे. आणि येथें तो एका ठरावानें बदलला.

(७) १९२३ ते १९४७

हा बदल निजामांच्याही ध्यानांत आलेला दिसतो. २५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मीर उस्मान अलीखान यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यास पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. त्यासाठीं सर अली इमाम विलायतेस गेले. मागणीचा कायद्याचा भाग जुनाच होता. नवें होतें तें हें कीं, वऱ्हाड परत आल्यास तेथील प्रजेस जबाबदार राज्यपद्धति देऊं, असें वचन त्या पत्रांत घातलेलें होतें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्याचें मत कोणी विचारलें नव्हतें, त्या वऱ्हाडी रयतेस आतां दोन्ही पक्षांना वश करून घ्यावें लागत होतें. बर्नेझचें पुस्तक त्याच वर्षीं न्यूयॉर्कांत निघालें, हा केवळ योगायोग. परंतु लोकमत ही सत्तेची एक बाजू झाली, हें दोन्हीकडे एकाच काळीं उमगलें होतें. वऱ्हाडांतील सुशिक्षितांनीं निजामीत जाण्यास विरोध केला, आणि २७ मार्च १९२६ च्या उत्तरांत रीडिंगनें सार्वभौम सत्तेचा अधिकार पुढें करून मागणी फेटाळली. १९३६ च्या करारानें निजामांस ‘हैदराबाद व वऱ्हाड’चे निजाम ही उपाधि व युवराजांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हें नांव मिळालें; कारभार होता तेथेंच राहिला.

शेवटचा टप्पा अकोल्याचा. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं पश्चिम महाराष्ट्रांतील व वऱ्हाड-नागपुराकडील पुढाऱ्यांनीं अकोल्यास एकत्र बसून संयुक्त महाराष्ट्राविषयीं करार केला. त्यांत शंकरराव देव होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते, अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते. यावेळीं परदरबार नव्हता, रेसिडेंट नव्हता, लंडनही नव्हतें. वऱ्हाडचा पक्ष वऱ्हाडच्याच माणसांनीं, मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या माणसांपुढें मांडला. त्या करारांतील वचनें पुढें कितपत पाळलीं गेलीं, हा विदर्भांत आजही वादाचा विषय आहे. आणि त्या वादांत पुन्हां अडगांवचाच प्रश्न उभा राहतो : बोललेलें व केलेलें यांचा मेळ बसला काय?

(८) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून आमचें अनुमान असें : वकिली व जनसंपर्क यांची कला एकच आहे, भेद आहे तो श्रोत्याचा. पूर्वीं एका धन्याचा मनुष्य दुसऱ्या धन्याशीं बोलत असे. आतां तो असंख्य लोकांशीं बोलतो. म्हणूनच पूर्वींच्या वकिलास जें पत्र एकदांच लिहावें लागे, तें आतां हजारांनीं छापावें लागतें. आणि येथेंच इतिहाससंशोधकांची अडचण सुरू होते.

हिंगण्यांचें दप्तर छापलें गेलें, कारण तें मोडींत होतें व मोडी कागद दिसतांच संग्राहक तो उचलतो. परंतु जुन्या घरांतील पेट्या उघडतांना आमच्या पाहण्यांत वारंवार आलें आहे कीं, मोडी रुमाल बाजूस काढून ठेवतात व त्याखालचीं छापील पत्रकें, अर्ज, सभांचे वृत्तांत व वर्तमानपत्रांचीं कात्रणें रद्दींत जातात. निजामांच्या मागणीच्या वेळचीं हस्तपत्रकें, अमरावतीच्या राष्ट्रसभेच्या स्वागतमंडळाचीं निमंत्रणें, अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ व ‘मातृभूमि’ यांचे सुटे अंक, विलायतेस गेलेल्या पुढाऱ्यांचीं घरीं आलेलीं पत्रें, हींच आमच्या विषयाचीं अस्सल साधनें होत. तीं सव्वाशें वर्षांचीं झालीं, तरी छापील म्हणून त्यांस कोणी जुनीं मानीत नाहीं. त्यांचा कागद तर मोडी दप्तरांच्या जुन्नरी कागदापेक्षां पुष्कळ लवकर मोडतो.

म्हणून आमची विनंति अशी कीं, असा कागद हातीं आल्यास त्यावर चार गोष्टी टिपून ठेवाव्या : बोलणारा कोण, त्यास अधिकार कोणी दिला, तो कोणास उद्देशून बोलत आहे, आणि छपाईचा खर्च कोणी सोसला. पहिल्या तीन गोष्टी बहुधा मजकुरांतच सांपडतात. चौथी मात्र मजकुरांत क्वचितच असते. ती छापखान्याच्या पावतींत, घरच्या खर्चाच्या वहींत वा एखाद्या खासगी पत्राच्या समासांत असते. आणि नेमकी तीच वही निरुपयोगी म्हणून प्रथम टाकून देतात. बेनीरामांची जहागीर आपणांस ठाऊक आहे, म्हणून त्यांचीं पत्रें कशीं वाचावीं हें आपण जाणतों. वऱ्हाडप्रकरणांतील पत्रकांचा खर्च कोणाचा, हें कळल्याखेरीज त्यांतील लोकमत कितपत लोकांचें होतें, हें ठरवितां येणार नाहीं.

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत अशीं घरें अजून आहेत. ज्यांच्याजवळ असे कागद असतील, त्यांनीं ते मंडळाकडे अथवा आपल्या जवळच्या संशोधनसंस्थेकडे पाठवावे. मूळ देणें शक्य नसल्यास नक्कल किंवा छायाचित्र पाठवावें, आणि खर्चाच्या वह्या तेवढ्या रद्दीवाल्यास देऊं नयेत.